आधी स्वर, मग मात्रा : टीबी-३०३ या जुन्या यंत्रासोबत तीन हंगाम

विदर्भाच्या पूर्वेकडील झाडीपट्टीच्या नाटकांत मी ऑर्गन वाजवतो. दिवाळी उलटली की वडसा येथील नाट्यकंपन्यांच्या गाड्या गावोगाव फिरू लागतात आणि होळीच्या आसपासपर्यंत आमच्या रात्री कोणत्या ना कोणत्या गावच्या मांडवात जातात. हे आधीच सांगितलेले बरे, कारण पुढील परीक्षण ध्वनिमुद्रणाच्या बंद खोलीत काम करणाऱ्या माणसाचे नसून ब्रह्मपुरी तालुक्यातील एका खेड्यात, धानाच्या पोत्यांशेजारी टेबल मांडून तालीम करणाऱ्या माणसाचे आहे. परीक्षणाचा विषय आहे रोलँड या जपानी कंपनीचे टीबी-३०३ हे यंत्र, आणि त्यातही विशेषतः त्याचा सीक्वेन्सर, म्हणजे स्वर आधी लिहून ठेवून ते यंत्राकडून वाजवून घेण्याची सोय. यंत्र माझे नाही, मामांचे आहे. ते १९८० च्या दशकात नागपूरच्या एका ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवीत असत आणि मुंबईच्या एका फेरीत त्यांनी हे यंत्र एका वादकाकडून वापरलेले विकत घेतले होते. ऑर्केस्ट्रा मोडला तेव्हा ते लोखंडी पेटीत गेले आणि तीन वर्षांपूर्वी, माझ्या फार मागे लागण्यामुळे, तेथून बाहेर आले. सोबत माहितीपुस्तिकेची एक धूसर छायाप्रत होती, जिची मधली चार पाने वाळवीने नेलेली होती.

यंत्राची पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. इकुतारो काकेहाशी यांनी १९७२ मध्ये ओसाका येथे रोलँड कंपनी काढली. त्याच कंपनीतील अभियंते तादाओ किकुमोतो यांनी टीबी-३०३ ची रचना केली. ते १९८० च्या दशकाच्या अगदी आरंभी बाजारात आले आणि १९८४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. नावातील टीबी म्हणजे ट्रान्झिस्टर बेस. एकट्याने गिटार वाजवणाऱ्याला सोबतीला बेस गिटारवाला मिळाला नाही तर त्याची जागा या डबीने भरून काढावी, असा हेतू होता, आणि तालासाठी टीआर-६०६ हे त्याचे जोडीचे यंत्र होते. हेतू साफ फसला. बेस गिटारसारखा आवाज त्यातून येत नाही आणि त्याला स्वर शिकवण्याची पद्धत इतकी निराळी आहे की बहुतेक गिटारवाल्यांनी हात टेकले. सुमारे दहा हजार नग निघाले, उरलेले स्वस्तात विकले गेले आणि त्या स्वस्ताईमुळेच १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते शिकागोच्या तरुण पोरांच्या हाती पडून तेथील नृत्यसंगीताचा एक नवा प्रकार जन्माला आला. त्याआधीच, १९८२ साली, मुंबईच्या चित्रपटसंगीतात वादक म्हणून काम केलेले चरणजित सिंग यांनी याच यंत्रावर राग बसवून पाहिले होते, ही गोष्ट मला फार उशिरा कळली. कळल्यावर मामांना सांगितली, तर ते एवढेच म्हणाले की रागाचे चलन बसवणाऱ्याला हे यंत्र गिटारवाल्यापेक्षा लवकर समजेल. तीन हंगामांनंतर मी त्यांच्याशी सहमत आहे, आणि का, ते सांगणे हेच या परीक्षणाचे काम आहे.

चंदेरी प्लास्टिकची, हातभरही लांब नसलेली, किलोभर वजनाची ही डबी आहे. वरच्या ओळीत सहा लहान नॉब आहेत. त्यांनी स्वरपट्टी, आवाजाची धार, त्या धारेची किंकाळी, प्रत्येक स्वरासोबत धार किती उघडावी, स्वर किती वेळात विरावा आणि आघात किती जोरकस असावा, हे ठरते. आवाजाचे मूळ एकच आहे. एका खटक्याने ते करवतीसारख्या लहरीचे किंवा चौकोनी लहरीचे करता येते. एका वेळी एकच स्वर वाजतो. पेटीवर दोन्ही सप्तकांत बोटे पसरून वाजवणाऱ्याला हे दरिद्री वाटेल, पण एकतारीलाही एकच तार असते. खालच्या बाजूला पेटीच्या पट्ट्यांच्या मांडणीने बसवलेली १३ बटणे आहेत, आठ पांढऱ्यांच्या जागी आणि पाच काळ्यांच्या जागी. ती पट्ट्यांसारखी वाजवायची नाहीत, टंकयंत्राच्या कळांसारखी दाबून स्वर लिहायचा आहे. यंत्राला पडदा नाही, आकडे दाखवणारी खिडकी नाही. जे काही समजायचे ते लाल दिव्यांच्या लुकलुकण्यावरून.

खरी गोम पुढे आहे. कोणत्याही आजच्या यंत्रावर किंवा मोबाइलवरील ॲपवर स्वररचना भरताना आपण एक खाना निवडतो, त्यात स्वर टाकतो, तो किती लांब हे तिथेच ठरवतो आणि पुढच्या खान्यात जातो. स्वर आणि त्याचा काळ एकाच झटक्यात लिहिले जातात. टीबी-३०३ मध्ये या दोन गोष्टी दोन वेगळ्या फेऱ्यांत लिहाव्या लागतात आणि यंत्र त्या दोन वेगळ्या याद्या म्हणूनच सांभाळते. पहिल्या फेरीत केवळ स्वर : कोणता, कोणत्या सप्तकातला, आघाताचा की साधा, पुढच्या स्वरात घसरत जाणारा की सुटा. दुसऱ्या फेरीत केवळ काळ : या पायरीवर स्वर सुरू व्हावा, की मागचा स्वर ओढून धरावा, की गप्प राहावे. दोन्ही याद्या एकमेकींवर बसवून वाजवण्याचे काम यंत्र स्वतः करते.

प्रत्यक्ष कृती अशी. कामाची पद्धत निवडणारा नॉब पॅटर्न, म्हणजे स्वरांची एक छोटी ओळ, लिहिण्याच्या जागी आणायचा, चार गटांपैकी एक गट निवडायचा, त्यातील एका पॅटर्नचे बटण दाबायचे आणि आधी काही लिहिलेले असेल तर पुसण्याचे बटण धरून ते साफ करायचे. एका पॅटर्नमध्ये जास्तीत जास्त १६ पायऱ्या असतात. कमी हव्या असतील तर फंक्शनचे बटण धरून पायऱ्यांचे बटण तितक्या वेळा दाबायचे, १४ हव्यात तर मोजून १४ वेळा, आणि मध्येच कोणी चहा विचारला तर पुन्हा पहिल्यापासून. मग स्वरफेरीचे बटण दाबायचे आणि स्वर एकामागून एक, लय सोडून, निवांत लिहायचे. वरच्या किंवा खालच्या सप्तकाचा स्वर हवा असेल तर त्यासाठी वेगळी बटणे आहेत, त्यामुळे १३ बटणांच्या जागेत तीन सप्तके मावतात. स्वर संपले की फंक्शनने त्या फेरीतून बाहेर पडायचे, काळफेरीचे बटण दाबायचे आणि प्रत्येक पायरीला तीन खुणांपैकी एक द्यायची. या तीन खुणांसाठी वेगळी बटणे नाहीत. जी बटणे स्वरफेरीत सप्तक आणि आघात यांच्यासाठी असतात, तीच काळफेरीत या खुणांची होतात. एकाच बटणाच्या अंगी तीन-तीन कामे आहेत आणि त्या क्षणी ते कोणते काम करणार, हे आपण कोणत्या फेरीत आहोत यावर ठरते. पहिला महिनाभर माझ्या बहुतेक चुका येथेच झाल्या.

आमच्या संचातील ढोलकीवाले काका माझ्याशेजारी बसून हे सारे पाहत असत. एका संध्याकाळी न राहवून त्यांनी विचारले, "भाऊ, तुमी हे वाजवून राह्यले का तलाठ्यावानी दप्तर भरून राह्यले?" प्रश्न बरोबर होता. पण मी त्यांना उलट विचारले की त्यांच्या गुरूंनी त्यांना आधी हात शिकवला की आधी बोल म्हणायला लावले. बोल, असे ते म्हणाले. टाळी देत आधी मात्रा तोंडाने मोजायच्या, हात नंतर. गायनाकडेही तेच आहे. पेटीच्या शिकवणीत गुरुजी बंदिशीचे स्वर आधी सुटे म्हणून घेत, आणि ते पाठ झाल्यावर वहीत तालाचे खण आखून, अवग्रहाच्या खुणा घालून, कोणता स्वर कोणत्या मात्रेवर पडतो आणि कोठे लांबतो ते लिहून घेत. टीबी-३०३ तेच मागते. गिटारवाल्याला ही पद्धत उलटी वाटली असेल, कारण त्याच्या हाताला स्वर आणि काळ एकत्रच सुचतात. खण आखून स्वरलेखन केलेल्या माणसाला यात अनोळखी असे फक्त एकच आहे, ते म्हणजे खणांची वही आणि स्वरांची वही वेगळ्या ठेवणे.

या वेगळेपणाचा परिणाम उदाहरणाशिवाय समजणार नाही. नृत्याच्या एका गाण्याखाली, केरव्याच्या अंगाने चालणारी एक खर्जाची ओळ मी लिहिली होती. केरव्याच्या आठ मात्रा, प्रत्येक मात्रेला दोन पायऱ्या, म्हणजे १६ पायऱ्यांत एक आवर्तन. स्वर सातच होते : सा, सा, मंद्र पंचम, सा, ग, रे, सा. काळाची यादी अशी : पहिल्या पायरीवर स्वर, दुसरीवर ओढ, तिसरी रिकामी, चौथीवर स्वर, पाचवी आणि सहावी रिकामी, सातवीवर स्वर, आठवी रिकामी, नववीवर, म्हणजे 'खाली' या टाळी न देण्याच्या मात्रेच्या जागी, स्वर, दहावीवर ओढ, अकरावी रिकामी, बारावीवर स्वर, तेरावी रिकामी, चौदावी आणि पंधरावी दोन्हींवर स्वर, सोळावी रिकामी. मोजून पाहिल्यास सुरू होणारे स्वर सात आहेत आणि लिहिलेले स्वरही सात आहेत, त्यामुळे सारे जुळते. सातव्या पायरीवर मंद्र पंचम पडतो, खालीवर पुन्हा षड्ज येतो आणि शेवटी गांधार-रिषभ करत ओळ षड्जावर उतरते.

आता ढोलकीला श्वास मिळावा म्हणून मी सातव्या पायरीवरचा स्वर काढून तिथे विश्रांती ठेवली. मला वाटले होते की मंद्र पंचम तेवढा गळेल. तसे होत नाही. रिकाम्या पायरीला किंवा ओढीच्या पायरीला यंत्र स्वरांच्या यादीतून काहीच घेत नाही. स्वर सुरू करायची वेळ येते तेव्हाच ते यादीतील पुढचा स्वर उचलते. त्यामुळे पंचम गळण्याऐवजी पुढे सरकला आणि नेमका खालीवर जाऊन बसला, बाराव्या पायरीवर षड्ज आला, चौदावीवर गांधार, पंधरावीवर रिषभ, आणि शेवटच्या षड्जाला वाजायला जागाच उरली नाही. आवर्तन रिषभावर लोंबकळत संपून पुन्हा समेला षड्जावर आदळू लागले. पंगतीत मधला एक पाट उचलला तर त्या पाटावरचा माणूस उठून जात नाही, तो पुढच्या पाटावर सरकतो आणि शेवटचा माणूस उभा राहतो, तसा हा प्रकार आहे. मी तो दोष समजून दुरुस्त करायला बसलो, तेवढ्यात काकांनी ढोलकी ओढली आणि त्यावर तीन आवर्तने वाजवून "हेच राहू द्या जी" म्हणाले. रिषभावर लोंबकळणारी ती ओळ समेवरच्या षड्जाला एक ओढ देत होती, जी मी मुद्दाम बसवायला गेलो असतो तर सुचली नसती.

हे वर्णन करताना मी यंत्राचे कौतुक करत आहे की तक्रार, असे वाचकाला वाटेल. माझे मत असे की ही पद्धत घाईच्या कामाला अत्यंत गैरसोयीची आहे आणि शोधाच्या कामाला अत्यंत उपयोगी आहे. एकच स्वरयादी ठेवून काळाची यादी बदलत गेले की एका बंदिशीचे अनेक बोलबनाव निघतात. उलट, काळाची एकच यादी ठेवून स्वर बदलले की एकाच ठेक्यावर निरनिराळे राग बसतात. आधुनिक खान्यांच्या पद्धतीत हे करता येत नाही असे नाही, पण तेथे ते करावेसे वाटत नाही, कारण प्रत्येक खाना आपल्या स्वराला घट्ट धरून असतो. मात्र चूक दुरुस्त करायची असेल तर त्रास खरा आहे. अकरावा स्वर चुकला असेल तर पुन्हा पहिल्या स्वरापासून, पुढे सरकवण्याचे बटण एकेकदा दाबत, तिथपर्यंत चालत जावे लागते. रात्री अकराला पडदा उघडणार असताना हे नको वाटते.

आघात आणि घसर या दोन खुणांवर स्वतंत्र बोलले पाहिजे, कारण या यंत्राची सारी लज्जत तिथे आहे. दोन्ही खुणा स्वरफेरीत, स्वरासोबतच लिहिल्या जातात. आघाताचा स्वर केवळ मोठा होत नाही. त्याची धार अधिक उघडते आणि तो चटकन विरतो, त्यामुळे तबल्यावर चाटीचा बोल निघावा तसा तो बाकीच्या स्वरांतून वेगळा उमटतो. लागोपाठ दोन-तीन आघात दिले तर दुसरा पहिल्याहून आणि तिसरा दुसऱ्याहून अधिक तीक्ष्ण होतो, कारण आतील विद्युत-मंडलात पहिल्या आघाताचा प्रभाव पूर्ण ओसरण्यापूर्वीच पुढचा येऊन त्यात भर घालतो. हे गणिताने बसवलेले नाही, मंडलाच्या स्वभावातून आलेले आहे. घसर म्हणजे एका स्वरातून पुढच्या स्वरात न तुटता जाणे. आपण तिला मींड म्हणण्याचा मोह होतो, पण फरक मोठा आहे. मींडेला किती वेळ घ्यायचा ते गायक ठरवतो. या यंत्रात मात्र घसरण्याचा वेळ ठरलेला आहे. लय मंद केली तरी तो बदलत नाही, आणि षड्जावरून रिषभ गाठायचा असो की वरचा षड्ज, तेवढ्याच अवधीत स्वर तिथे पोहोचतो. त्यामुळे लहान अंतरावर ती सूतासारखी नाजूक लागते आणि सप्तकभराच्या अंतरावर एखाद्याने अंगणातून हाक मारावी तशी. आंदोलित गांधार, श्रुती, कण, यातले काही मिळणार नाही. बारा स्वर पेटीचेच आहेत आणि पेटीवरचे जुने आक्षेप येथेही लागू आहेत.

तालांच्या बाबतीत यंत्र आपल्याला जवळचे आहे, आणि हे ते बनवणाऱ्यांच्या मनात नसणार. १६ पायऱ्या म्हणजे त्रितालाचे एक आवर्तन, पायरीला एक मात्रा धरली तर. दादऱ्यासाठी १२ पायऱ्या, रूपकासाठी १४, झपतालाला मात्रेला एक पायरी धरून दहा. पायऱ्यांची संख्या मोकळी असल्याने हे सर्व बसते. बसत नाही ती चाल. ढोलकीच्या लग्गीत दोन बोलांमधील अंतर कधीच समान नसते, थोडा झोल असतो, आणि तो झोल प्रत्येक वाजवणाऱ्याचा वेगळा असतो. यंत्राच्या पायऱ्या मात्र रेल्वेच्या स्लीपरांसारख्या समान अंतरावर असून त्यांना झोल देण्याची सोय नाही. त्यामुळे नुसत्या यंत्रासोबत लावणीचा ठेका वाजवला की ढोलकी चालते आणि यंत्र कवायत करते. मी यावर काढलेला मार्ग म्हणजे यंत्राकडे कमी पायऱ्यांवर स्वर ठेवणे, समेवर, खालीवर आणि फार तर आणखी दोन जागी, आणि मधले सारे रान ढोलकीला मोकळे सोडणे.

एकूण ६४ पॅटर्न या यंत्रात मावतात आणि ते क्रमाने जोडून सात पूर्ण रचना तयार करता येतात. जोडणीची पद्धत कंटाळवाणी आहे, आणि मी ती दोनदाच वापरली. नाटकात तिचा उपयोग नाही, कारण गाणे किती वेळा वळवायचे ते नट ठरवतो आणि नट ते प्रेक्षकांच्या शिट्ट्यांवर ठरवतो. त्याऐवजी पॅटर्न सुरू असतानाच दुसऱ्याचे बटण दाबले तर चालू आवर्तन पूर्ण करूनच यंत्र नव्या पॅटर्नवर जाते. हे वर्तन अगदी साथीदारासारखे आहे, आणि मांडवात मी एवढ्यावरच काम भागवतो.

आता सेलांविषयी. यंत्र नऊ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालते किंवा चार सेलांवर, आणि लिहिलेले पॅटर्न स्मरणात राहण्यासाठी सेल आत असणे आवश्यक आहे. सेल कोणते, तर टॉर्चमधील जाडे आणि रिमोटमधील बारीक यांच्या मधल्या मापाचे. आमच्या बाजाराच्या गावी ते मिळत नाहीत. ब्रह्मपुरीला एकदा मिळाले, नंतर नाही. नागपूरला गेलो की मी आठ घेऊन ठेवतो. पहिल्या हंगामात ही शिस्त मला नव्हती. सेल किती जुने झाले याकडे मी लक्ष दिले नाही, आणि वैनगंगेपलीकडच्या एका गावी प्रयोगाच्या दिवशी दुपारी लाइन गेली व रात्री जनरेटर सुरू झाल्यावर यंत्र लावून पाहतो तो माझे पॅटर्न ओळखीचे राहिले नव्हते. ते रिकामे झालेले नव्हते, त्यांत भलतेच स्वर भलत्याच जागी शिरलेले होते. सेल उतरले की या यंत्रांच्या स्मरणात असा गोंधळ माजतो, हे जाणकारांना ठाऊक आहे, आणि काही वादक त्या गोंधळातूनच नव्या ओळी उचलतात. मला त्या रात्री ती रसिकता परवडणारी नव्हती. मी यंत्र बंद करून ऑर्गनच्या खर्जावर वेळ निभावून नेली. चूक माझी होती. तेव्हापासून प्रत्येक पॅटर्न मी एका वहीत लिहून ठेवतो, वरच्या ओळीत स्वर आणि खालच्या ओळीत १६ खण. वीस मिनिटांत सारे पुन्हा भरता येते.

मांडवात याचा आवाज कसा लागतो, हाही प्रश्न उरतो. उघड्या मैदानात, थंडीच्या रात्री, स्पीकरच्या दोन मोठ्या खोक्यांतून त्याचा खर्ज फार दूर जात नाही. ज्यांना दणका हवा आहे त्यांनी आजचा कोणताही कीबोर्ड घ्यावा, तो जास्त भरीव लागेल. पण धारेचा नॉब हळूहळू उघडत नेला की तोच पॅटर्न, स्वर न बदलता, गुणगुणण्यापासून कर्कश टाहोपर्यंत जातो आणि मागच्या रांगेतील घोंगडी पांघरून पेंगणारी मंडळीही मान वर करतात. खलनायकाच्या प्रवेशाला मी ते वापरतो. सहा नॉबांवर हात ठेवून वाजवणे हेच या यंत्राचे वादन आहे. लिहिणे आधी, निवांत, आणि वाजवताना फक्त रंग. भावगीताला किंवा अभंगाला त्याचा काही उपयोग नाही, आणि मी तिथे ते काढतही नाही. लय ठरवण्याच्या नॉबवर नेमका आकडा बसवता येत नसल्याने दररोज ढोलकीच्या कानाने लय जुळवावी लागते, पण हे मला अडचणीचे वाटले नाही. उलट काकांचा मान त्यामुळे राहतो, कारण यंत्र त्यांच्या लयीला जुळते, ते यंत्राच्या नव्हे.

विकत घ्यावे का, या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. मूळ यंत्राचे भाव आज लाखांत आहेत. १९८० च्या दशकात ज्याला गिऱ्हाईक मिळत नव्हते, त्याची किंमत आता त्याच्या दुर्मिळतेची आहे, उपयुक्ततेची नाही. आमच्या भागातील कोणत्याही वादकाने एवढी रक्कम त्यात घालू नये. रोलँडने स्वतः २०१६ मध्ये टीबी-०३ नावाची छोटी आवृत्ती काढली, तिला आकडे दाखवणारी खिडकी आहे आणि पायरीगणिक लिहिण्याची सोपी पद्धतही दिली आहे. बेहरिंगर कंपनीचे टीडी-३ त्याहून स्वस्त आहे आणि त्याचा आवाज मूळ यंत्राच्या बराच जवळ जातो. संगणकाशी जोडायची सोय या दोन्हींत आहे. मूळ यंत्रात ती नाही, कारण निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी बोलू लागली ती १९८३ मध्ये मिडी ही सामाईक जोडणी आल्यावर, आणि हे त्याआधीचे आहे. त्याच्याकडे आहे ती रोलँडची स्वतःची पाच टोकांची जोडणी, जिच्यातून एका ठोक्याला २४ स्पंदने जातात आणि ते व टीआर-६०६ सारखे जोडीचे यंत्र एकमेकांच्या पावलाला पाऊल लावून चालतात. नवे यंत्र घेणाऱ्यांना माझी एवढीच सूचना आहे की सोपी पद्धत हाताशी असली तरी पहिले काही आठवडे जुन्या दोन फेऱ्यांच्या पद्धतीनेच लिहावे. केवळ आवाज हवा असेल तर मग ते घेऊनही काही विशेष हाती लागत नाही, तसला आवाज कोणत्याही फुकट ॲपमध्ये मिळतो.

ज्यांच्याकडे माझ्यासारखे घरातूनच जुने यंत्र आले असेल किंवा कोणाच्या माळ्यावर निघाले असेल, त्यांनी ते दुरुस्तीला टाकण्यापूर्वी काही गोष्टी स्वतः तपासाव्यात. सेलांच्या खणातील पत्र्याच्या पट्ट्यांवर हिरवट थर चढला असेल तर तो आधी साफ करावा. माझ्या यंत्राला निम्मा आजार तेवढाच होता, आणि तरीही मी ते नागपूरच्या एका दुकानात दोन महिने अडकवून ठेवले होते. मग १६ पायऱ्यांचा एक पॅटर्न लिहावा, अडॅप्टर काढून नवे सेल तसेच आत ठेवावेत आणि दुसऱ्या दिवशी तो तसाच राहिला आहे का ते पाहावे. शेवटी प्रत्येक बटण वीस-वीस वेळा दाबून बघावे, विशेषतः स्वर पुढे सरकवण्याचे, कारण लिहिताना आणि दुरुस्त करताना सर्वांत जास्त मार त्यालाच बसतो. ते एका दाबात दोन पायऱ्या उडी मारू लागले असेल तर त्या यंत्रावर काहीही लिहिणे व्यर्थ आहे. माझ्याकडचे ते बटण मागच्या हंगामात बदलावे लागले, आणि नवे बसवल्यापासून त्याचा टकटक आवाज जुन्यापेक्षा इतका मोठा आहे की नाटक सुरू असताना मी ते दाबतच नाही.